कॅथेड्रलाविना ग्रंथालय : वसईची विखुरलेली ख्रिस्ती ग्रंथसंपदा आणि मराठी समीक्षेची जबाबदारी

सारांश

मध्ययुगीन युरोपातील कॅथेड्रल ग्रंथालये ही धर्मशास्त्रीय हस्तलिखितांची संग्रहस्थाने होती. त्यांपैकी बहुतेकांची आजची ओळख मूळ दालनांवरून होत नाही. विखुरलेल्या ग्रंथांच्या सूचीवरून होते. प्रस्तुत लेखात हा दृष्टिकोन वसईस लावून पाहिला आहे. पोर्तुगीजकालीन वसईचे ग्रंथसंग्रह १७३९ नंतर जागेवर राहिले नाहीत. तरीही या परिसराशी भाषेने व परंपरेने जोडलेले ग्रंथ आणि हस्तलिखिते इतरत्र टिकून आहेत. त्यांना एका सूचीत आणल्याशिवाय ख्रिस्ती मराठी वाङ्मयाची समीक्षा अपुरी राहते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : वसई, कॅथेड्रल ग्रंथालय, हस्तलिखिते, ख्रिस्तपुराण, पाठचिकित्सा, उत्तर कोकणातील बोली.

१. विषयप्रवेश

वसईच्या किल्ल्यातील संत जोसेफ चर्चच्या भग्न वास्तूला अनेक माहितीपुस्तकांतून व बोलण्यातून ‘कॅथेड्रल’ म्हटले जाते. काटेकोर अर्थाने हा शब्द तेथे लागू पडत नाही. ‘कॅथेड्रा’ म्हणजे बिशपचे आसन, आणि ते आसन ज्या चर्चमध्ये असते ते कॅथेड्रल. पोर्तुगीज अमदानीत वसई हे बिशपचे पीठ कधीच नव्हते. ते गोव्याच्या धर्मपीठाच्या अधिकारात होते. संत जोसेफ हे नगराचे ‘मात्रिझ’, म्हणजे मुख्य धर्मग्रामाचे चर्च होते. सोळाव्या शतकाच्या मध्यास उभ्या राहिलेल्या या वास्तूची १६०१ मध्ये पुनर्बांधणी झाल्याचे तेथील शिलालेखावरून समजते. त्या लेखात गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांचे नाव आहे.

हे नाव हस्तलिखितांच्या अभ्यासकाला वेगळ्या कारणानेही परिचित असते. याच मेनेझिस यांच्या अध्यक्षतेखाली १५९९ मध्ये केरळात उदयंपेरूर येथे धर्मसभा भरली. संत तोमा परंपरेतील ख्रिस्ती समाजाकडे असलेले सिरियाक भाषेतील धर्मग्रंथ तपासावेत, सदोष ठरलेले दुरुस्त करावेत वा जाळावेत, असे निर्णय त्या सभेत झाले. परिणामी मलबारातील जुन्या सिरियाक हस्तलिखितांचा मोठा भाग नष्ट झाला. वसईच्या दारावर वास्तूच्या उभारणीसाठी कोरलेले नाव मलबारात ग्रंथांच्या विनाशाशी जोडलेले आहे. धर्मसत्ता ग्रंथ जमवते, नकलून घेते, प्रमाणित करते आणि नष्टही करते. तिच्या ग्रंथालयांचा विचार करताना या चारही क्रिया एकत्र पाहाव्या लागतात.

वसईविषयीचे लेखन विपुल आहे. जर्सन दा कुन्हा यांच्या चौल व वसई यांवरील १८७६ च्या ग्रंथापासून वास्तू, शिलालेख, लढाया व तह यांचा अभ्यास सातत्याने होत आला. त्या मानाने ‘वसईत कोणते ग्रंथ वाचले जात होते आणि त्यांचे पुढे काय झाले’ हा प्रश्न मागे राहिला. हा प्रश्न केवळ ग्रंथपालांचा नाही. वसईच्या ख्रिस्ती समाजाची मराठी कोणत्या वाङ्मयीन परंपरेतून आली, या प्रश्नाचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. म्हणून तो समीक्षेचाही प्रश्न ठरतो.

२. कॅथेड्रल ग्रंथालय : दालन की सूची?

मध्ययुगीन युरोपात कॅथेड्रलाभोवती पुरोहितांचा संघ, शाळा आणि लेखनकक्ष अशी व्यवस्था असे. ग्रंथ आरंभी एखाद्या कपाटात वा पेटीत ठेवले जात. स्वतंत्र दालने बहुतेक ठिकाणी उत्तर मध्ययुगात बांधली गेली. या संग्रहांत साधारणतः टीकेसह बायबल, ऑगस्टीन व ग्रेगरी यांच्यासारख्या धर्माचार्यांचे ग्रंथ, चर्चचा कायदा, प्रवचनसंग्रह आणि बाराव्या शतकानंतर पीटर लोम्बार्ड यांचा ‘सेन्टेन्सेस’ हा पाठ्यग्रंथ आढळतो. टीकायुक्त बायबलाच्या पानाची मांडणी मराठी अभ्यासकाला अपरिचित वाटणार नाही. मध्यभागी मूळ वचन आणि सभोवती बारीक अक्षरात भाष्य, ही रचना आपल्याकडील त्रिपाठ पोथ्यांशी मिळतीजुळती आहे. दोन्ही ठिकाणी पानाची रचनाच सांगते की मूळ वचन परंपरेच्या सोबतीने वाचायचे आहे.

या ग्रंथालयांत दोन प्रकारचे ग्रंथ होते आणि त्यांतील भेद पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे. एक, अभ्यासाचे ग्रंथ; दुसरे, उपासनेचे ग्रंथ, म्हणजे मिस्सा, स्तोत्रगायन व प्रार्थना यांसाठी रोज हाताळले जाणारे. अभ्यासग्रंथ कमी वापरले जात, म्हणून तुलनेने अधिक टिकले. उपासनाग्रंथ वापराने झिजले. उपासनाविधी बदलला की ते निरुपयोगी ठरले, आणि त्यांचे चर्मपत्र इतर पुस्तकांच्या बांधणीत गेले. सर्वाधिक लोकांच्या ओठांवर असलेले ग्रंथच सर्वाधिक नष्ट झाले.

जी ग्रंथालये आपल्या जागी टिकली ती अपवादात्मक होत. इटलीतील व्हेरोनाच्या कॅथेड्रल ग्रंथालयात ५१७ सालाची नोंद असलेले हस्तलिखित आहे. इंग्लंडमधील हेरेफर्ड कॅथेड्रलात साखळीने बांधलेल्या ग्रंथांचा संग्रह असून त्यात २२९ मध्ययुगीन हस्तलिखिते आहेत. फ्रान्समधील शार्त्र हे मध्ययुगात कॅथेड्रल शाळेसाठी प्रसिद्ध होते. तेथील हस्तलिखिते पुढे नगरग्रंथालयात गेली आणि १९४४ च्या बॉम्बहल्ल्यातील आगीत त्यांची अपरिमित हानी झाली. करपलेल्या पानांचे तुकडे जुळवून त्यांतील मजकूर ओळखण्याचे काम फ्रेंच संशोधकांनी एकविसाव्या शतकात हाती घेतले.

इंग्लंडमध्ये १५३६ ते १५४० या काळात मठ बरखास्त झाले आणि त्यांचे ग्रंथ चहूकडे पसरले. चार शतकांनंतर एन. आर. केर यांनी ‘मिडिव्हल लायब्ररीज ऑफ ग्रेट ब्रिटन’ हा ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याची सुधारित आवृत्ती १९६४ मध्ये निघाली. आज कोठेही असलेल्या हस्तलिखितावरील मालकीची खूण, जुना क्रमांक, बांधणी यांवरून ते मूळ कोणत्या मठाचे वा कॅथेड्रलाचे, हे त्यांनी निश्चित केले आणि संस्थावार सूची दिली. दालने परत उभी राहिली नाहीत. पण कोणत्या संस्थेत काय वाचले जात होते, याविषयी बोलता येऊ लागले.

मराठीला ही पद्धत परकी नाही. शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाच्या मठामठांतून बाडे गोळा केली आणि धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात ती सांभाळली गेली. महानुभावांच्या सांकेतिक लिपीतील पोथ्या वाचल्या गेल्यानंतर मराठी गद्याचा इतिहास नव्याने मांडावा लागला. संग्रह शोधल्यामुळे वाङ्मयेतिहास बदलतो, याची ही घरचीच उदाहरणे आहेत. ख्रिस्ती मराठी हस्तलिखितांच्या बाबतीत मात्र असा सर्वंकष प्रयत्न झालेला नाही.

३. वसईचे ग्रंथ आणि १७३९

डिसेंबर १५३४ मधील तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. पुढील दोन शतकांत तेथे फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन व ऑगस्टिनियन या धर्मसंघांची केंद्रे उभी राहिली. जेझुइटांचे महाविद्यालय सोळाव्या शतकाच्या मध्यापासूनचे. वसईत जन्मलेले आणि १५९७ मध्ये जपानात नागासाकी येथे हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया यांचे बालपणीचे शिक्षण वसईतील जेझुइटांकडे झाले.

जेझुइट संस्थेत ग्रंथालय ही ऐच्छिक बाब नव्हती. संघाच्या १५९९ च्या शिक्षणसंहितेत ग्रंथसंग्रहाच्या वाढीसाठी वार्षिक उत्पन्न राखून ठेवावे आणि ते अन्य कामी वापरू नये, असा प्रांतप्रमुखांसाठी नियम आहे. प्रत्येक चर्चला मिस्साग्रंथ, विधिग्रंथ आणि बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या लागत. तेव्हा वसईत मध्ययुगीन कॅथेड्रलातील दोन्ही प्रकारचे ग्रंथ असणे क्रमप्राप्त होते. फरक एवढाच की मुद्रणकला एव्हाना आली होती. गोव्यात १५५६ मध्ये छापखाना सुरू झाला. तरीही स्थानिक भाषेतील लेखन मुख्यतः हस्तलिखितांतूनच फिरत राहिले. छापील प्रती थोड्या आणि गरज मोठी, हे त्याचे कारण होय. त्यामुळे सतराव्या शतकातील कोकण हे छपाईच्या युगात असूनही ग्रंथव्यवहाराच्या दृष्टीने मध्ययुगीन युरोपाच्या जवळचे होते.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसई जिंकली. तहाच्या अटींनुसार पोर्तुगीजांना जंगम मालमत्तेसह जाऊ देण्यात आले. नगर रिकामे झाले, धर्मसंघ गेले. या विजयाच्या दृश्य खुणा महाराष्ट्रभर सांगितल्या जातात. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटा, भीमाशंकरची घंटा अशा पोर्तुगीज घंटा वसईच्या मोहिमेशी जोडल्या जातात आणि आजही पाहता येतात. घंटेला नव्या ठिकाणी उपयोग होता. लॅटिन वा पोर्तुगीज पोथीला तो नव्हता. तिचा उपयोग करणारा वाचक निघून गेला होता. म्हणूनच वसईच्या घंटांचा मागोवा घेणारे लेख लिहिले गेले, पोथ्यांचा मागोवा घेणे कोणाला सुचले नाही.

परंतु येथे एक महत्त्वाची गोष्ट निसटू नये. पोर्तुगीज गेले तरी वसईचा ख्रिस्ती समाज गेला नाही. शेतकरी, बागायतदार, कोळी अशा या समाजाने मराठी राज्यात व पुढे इंग्रजी अमलात आपली उपासना चालू ठेवली. त्यांच्या धर्मजीवनाचे अधिकारक्षेत्र मात्र बदलत राहिले. १८८६ मध्ये दमण धर्मप्रांत निर्माण झाला. १९२८ मध्ये तो विसर्जित होऊन त्यातील वसईचा भाग मुंबईशी जोडला गेला. १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा होऊन वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. धार्मिक दप्तर अधिकारक्षेत्राच्या मागोमाग जाते. त्यामुळे वसईविषयीची कागदपत्रे गोवा, दमण, मुंबई आणि लिस्बन अशा अनेक दिशांना शोधावी लागतात.

४. विखुरलेल्या संग्रहाचे वाचन

या संभाव्य सूचीत कोणते ग्रंथ येतील आणि त्यांचे समीक्षात्मक मूल्य काय, याचा आता विचार करू.

पहिला ग्रंथ फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइंश या पाद्रींचा. येशूचे दुःखसहन व मरण या विषयावरील त्यांचे पद्य १६५९ सालचे असून ते ‘पुराण’ या नावानेच ओळखले जाते. लिपी रोमी, शीर्षक पोर्तुगीज, आणि भाषा मुंबई-वसई पट्ट्यातील ख्रिस्ती समाजाची बोली. १८४५ मध्ये मुंबईत त्याचे पुनर्मुद्रण झाले. सुमारे दोन शतकांनंतर, पोर्तुगीज सत्ता या भागातून जाऊन शंभर वर्षे उलटल्यावर, असे पुस्तक पुन्हा छापावेसे वाटावे, यातच त्याच्या वाचकवर्गाचा पुरावा आहे. मराठी वाङ्मयेतिहासात या ग्रंथास मिळणारी जागा बहुधा एखाद्या परिच्छेदाची असते. त्याची भाषा ‘अशुद्ध’ वा ‘मिश्र’ म्हणून बाजूला ठेवली जाते. ज्ञानेश्वरीच्या वळणाने लिहिणारे स्टीफन्स आपल्याला आपले वाटतात. आगरातल्या आणि कोळीवाड्यातल्या बोलीत लिहिणारे गिमाराइंश मात्र आपल्या अभिरुचीच्या चौकटीत बसत नाहीत. ही उणीव ग्रंथाची म्हणण्यापेक्षा आपल्या निकषांची आहे.

दुसरा ग्रंथ व्याकरणाचा. उत्तरेकडील कोकणी बोलीचे, सतराव्या शतकात एका पोर्तुगीज मिशनऱ्याने रचलेले व्याकरण कुन्हा रिव्हारा यांनी १८५८ मध्ये गोव्यात प्रसिद्ध केले. कुन्हा रिव्हारा हे गोव्याच्या गव्हर्नर जनरलचे सचिव व साक्षेपी संशोधक. त्यांच्या हाती हे हस्तलिखित लागले नसते, तर उत्तर कोकणातील बोलीची सतराव्या शतकातील रूपे सांगणारा एक मोलाचा दस्तऐवज अज्ञात राहिला असता. गिमाराइंश यांचे पुराण आणि हे व्याकरण शेजारी ठेवून वाचल्यास एकाच पट्ट्यातील भाषेचे पद्यरूप व नियमरूप समोर येते. सामवेदी, वाडवळी आणि कोळी बोलींच्या ऐतिहासिक अभ्यासाला यापेक्षा अधिक उपयुक्त सामग्री क्वचितच असेल. असे असता बोलींवरील अनेक प्रबंध आजच्या नमुन्यांचे संकलन करून थांबतात.

तिसरा ग्रंथ सर्वपरिचित आहे : फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. ते रचले गेले गोव्याच्या साष्टीत. वसईच्या सूचीत ते लेखनस्थळ म्हणून येत नाही, तर कोकणच्या समान ख्रिस्ती मराठी परंपरेचा मानदंड म्हणून येते. हस्तलिखिताचा प्रश्न किती मूलभूत असतो हे दाखविण्यासाठी यासारखे दुसरे उदाहरण नाही. या ग्रंथाच्या १६१६, १६४९ व १६५४ अशा तीन मुद्रित आवृत्त्या निघाल्या. त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. आज आपण जे वाचतो ते नकलाकारांच्या हातांतून आलेले आहे. जे. एल. साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे हस्तलिखितांवरून रोमी लिपीतील आवृत्ती सिद्ध केली. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये, कारिदाद द्रागो यांची १९९६ मध्ये आणि नेल्सन फालकाव यांची २००९ मध्ये आली.

या रोमी परंपरेच्या जोडीला एक देवनागरी परंपरा आहे. प्राच्यविद्यापंडित विल्यम मार्सडन यांनी आपला ग्रंथसंग्रह १८३५ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजला दिला. तो पुढे लंडनच्याच प्राच्यविद्या संस्थेकडे गेला. त्या संग्रहातील देवनागरी हस्तलिखिताकडे जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२३ च्या लेखातून लक्ष वेधले. रोमी पाठात जेथे पोर्तुगीज वा लॅटिन पारिभाषिक शब्द आहेत, तेथे या पाठात पुष्कळदा संस्कृत शब्द आढळतात. हा मूळ देवनागरी पाठ होय, असे अ‍ॅबट यांचे मत होते. मूळ पाठ रोमीच असून नंतर कोणी तो संस्कृतप्रचुर केला, असाही पक्ष आहे.

हा वाद केवळ लिपीचा नाही. धर्मशास्त्रीय ग्रंथात शब्दाची निवड हीच भूमिका असते. एखादी सिद्धान्तकल्पना परकीय शब्दानेच सांगितली, तर तिचा नेमकेपणा राखला जातो, पण ती श्रोत्याच्या अनुभवविश्वाबाहेर राहते. संस्कृत शब्द वापरला, तर ती श्रोत्याच्या घरात येते, पण त्या शब्दाचे जुने अर्थही सोबत येतात. स्टीफन्स यांनी कोणता मार्ग पत्करला, याचे उत्तर आपण कोणता पाठ प्रमाण मानतो यावर ठरते. एका पाठाच्या आधारे ते परंपरानिष्ठ धर्मोपदेशक दिसतील, तर दुसऱ्याच्या आधारे भारतीय अभिव्यक्तीचे धाडसी प्रवर्तक. अशा स्थितीत, आपण वाचत असलेला पाठ कोणत्या परंपरेतील आहे हे न सांगता ‘स्टीफन्स यांची भाषाशैली’ या विषयावर निबंध लिहिणे म्हणजे पायाशिवाय भिंत उभारणे होय. दुर्दैवाने आपल्याकडील बहुसंख्य लेखन असेच आहे. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या ख्रिस्तपुराणातील सुप्रसिद्ध ओव्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात येतात आणि विवेचन बहुधा तेथेच थांबते. एका परदेशी माणसाने दिलेले प्रशस्तिपत्र म्हणून आपण हा ग्रंथ जपला. धर्मशास्त्रीय काव्य म्हणून तो फार थोड्यांनी वाचला.

चौथा संच सूचीच्या दुसऱ्या बाजूचा आहे. पोर्तुगालमधील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयात रोमी लिपीत लिहिलेली कोकणी व मराठी हस्तलिखिते आहेत. त्यांत रामायण-महाभारताच्या कथा गद्यात आणि मराठी पद्यरचना आहेत. अ. का. प्रियोळकर यांच्यासारख्या संशोधकांनी त्यांचे महत्त्व ओळखले. हिंदूंच्या धर्मकथा मिशनऱ्यांनी नकलून घेतल्या, त्या त्यांचे खंडन करण्याच्या हेतूने. ज्या राजवटीत देवळे पाडली गेली आणि १६८४ मध्ये स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान निघाले, तिच्याच धर्मसेवकांच्या कागदांत कोकणी गद्याचे प्राचीन नमुने शिल्लक राहिले. या वस्तुस्थितीमुळे त्या राजवटीचा दोष हलका होत नाही. परंतु ग्रंथालयाचा इतिहास हा त्याच्या चालकांच्या हेतूंपेक्षा व्यापक असतो, हे त्यातून सिद्ध होते. वसईची सूची करताना बाहेरून काय आले याच्या रकान्याशेजारी येथले काय नष्ट झाले याचाही रकाना ठेवला पाहिजे. तसे न केल्यास ती सूची स्मरणरंजन ठरेल.

५. घरातील वह्या : उपासनाग्रंथांचा दुसरा विनाश

मध्ययुगीन ग्रंथालयांतील उपासनाग्रंथ विधी बदलल्यावर नष्ट झाले, हे वर नमूद केले आहे. वसईत हीच प्रक्रिया विसाव्या शतकात घडली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) लॅटिनची जागा उपासनेत लोकभाषांनी घेतली. वसईच्या दृष्टीने हा निर्णय अत्यंत फलदायी ठरला. मराठी मिस्सा, मराठी गीते, मराठी बायबल यांच्याभोवती लेखक-वाचकांची नवी पिढी तयार झाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ या काळात संपादिलेले ‘सुवार्ता’ मासिक, त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला मिळालेला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि २०२० च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, हे या वाटचालीचे ठळक टप्पे होत. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

या नव्या समृद्धीची दुसरी बाजू मात्र लक्षात घेतली गेली नाही. लॅटिन मिस्साग्रंथ, जुने गायनसंग्रह, रोमी अक्षरांत उतरवलेल्या प्रार्थना, उपवासकाळातील गाणी, क्रुसासमोरच्या संध्याकाळच्या प्रार्थनांच्या वह्या हे सारे एकाएकी जुने झाले. जे वापरात नाही ते पवित्र असले तरी अडगळीत जाते. त्यात वसई-विरार परिसराचे वेगाने नागरीकरण झाले. कौलारू घराच्या जागी इमारत उभी राहते तेव्हा देव्हाऱ्यातील मूर्ती नव्या घरात जाते, पितळी भांडी जातात, लग्नातले दागिने जातात. आजोबांची प्रार्थनेची वही जाईलच असे नाही. ती वाचणारे कोणी घरात नसते.

अशी वही धर्मशास्त्राचा ग्रंथ नव्हे, असा आक्षेप घेतला जाईल. तो टिकणारा नाही. सामान्य श्रद्धावंताने मुक्ती, पाप, कृपा, मरण यांविषयी कोणत्या शब्दांत विचार केला, हे लोम्बार्डच्या ग्रंथावरून कळणार नाही. ते अशा वहीवरूनच कळेल. इंग्लंडमधील अभ्यासक आज जिथे एखाद्या जुन्या प्रार्थनापुस्तकाच्या समासातील घरगुती नोंदींवरून कुटुंबाचे धर्मजीवन उलगडतात, तिथे आपल्याकडे अशा वहीची नोंद घेण्यासाठी संस्थाच नाही. शिवाय वहीतील भाषा हा स्वतंत्र पुरावा आहे. छापील प्रार्थनापुस्तकाची मराठी प्रमाण असते. उतरवून घेणारी व्यक्ती नकळत आपल्या बोलीचा उच्चार लिहिते. भाषाभ्यासकाला असे लेखनदोष शुद्ध प्रतीपेक्षा मोलाचे असतात.

६. वाङ्मयेतिहासातील पोकळी

ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा इतिहास सांगण्याची एक ठरावीक रीत आहे. सतराव्या शतकात स्टीफन्स आणि त्यांचे समकालीन, त्यानंतर एकदम एकोणिसाव्या शतकात विल्यम कॅरी, अमेरिकन मिशन, पुढे पंडिता रमाबाई व नारायण वामन टिळक. गंगाधर मोर्जे यांच्यासारख्या अभ्यासकांनी घेतलेल्या व्यापक आढाव्यांमुळे या क्षेत्राला पाया मिळाला, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. तथापि मधल्या सुमारे दीड शतकाचे काय, हा प्रश्न राहतोच. या काळात नवे मोठे ग्रंथ छापले गेले नाहीत म्हणून तो रिकामा समजला जातो. वाङ्मय म्हणजे मुद्रित वाङ्मय, हे गृहीतक त्यामागे आहे. नकला करणे, गाणे, पाठ करणे आणि वहीत उतरवणे या मार्गांनी चालणारी परंपरा त्यात दिसत नाही. १८४५ चे पुनर्मुद्रण हे या पोकळीच्या पलीकडच्या टोकावरचे चिन्ह आहे. मधल्या काळात ग्रंथ विसरला गेला असता, तर तो पुन्हा छापण्याचे कारण उरले नसते.

या पोकळीचा परिणाम केवळ इतिहासापुरता मर्यादित नाही. वसईच्या ख्रिस्ती लेखकाला आजही अधूनमधून ‘तुम्ही इतके चांगले मराठी कसे बोलता’ असे कौतुकाने विचारले जाते. प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याला शिकवलेल्या वाङ्मयेतिहासात या समाजाच्या मराठीला मधले पूर्वज नसतात, एवढेच. सूचीचे काम झाले तर त्या कौतुकामागील अज्ञान दूर होण्यास मदत होईल.

७. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

एक, वसईचे ग्रंथालय एका वास्तूत शोधणे व्यर्थ आहे. ते गोवा, लंडन, ब्रागा आणि वसईची घरे यांत विभागलेले आहे. केर यांच्या धर्तीवर स्थानमूलक संघसूची करणे हा त्यावरील व्यवहार्य मार्ग होय. तीत ग्रंथनाम, लिपी, बोली, नकलेचा काळ, मालकीच्या खुणा आणि सध्याचे ठिकाण एवढ्या नोंदी आरंभी पुरेशा आहेत.

दोन, ख्रिस्तपुराणादी ग्रंथांवरील यापुढील समीक्षेने आपण कोणता पाठ वाचत आहोत हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. पाठचिकित्सा ही समीक्षेपूर्वीची किरकोळ तयारी नसून समीक्षेचाच भाग आहे.

तीन, घरगुती वह्यांचे काम अधिक निकडीचे आहे. २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने किमान ७५ वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितांना आपल्या कक्षेत घेतले होते. २०२५ पासून हे कार्य ‘ज्ञान भारतम्’ या नावाने पुढे नेले जात आहे. ७५ वर्षांचा हा निकष लावल्यास १९५० पूर्वीच्या वह्या आता हस्तलिखितांत मोडतात. वसई-विरारमधील महाविद्यालयांच्या मराठी व इतिहास विभागांना हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्यातून करता येईल. वही मालकाकडून काढून घेण्याची आवश्यकता नाही. तिची छायाप्रत घेणे, मालकाच्या संमतीने नोंद करणे आणि ती वाचून दाखवणाऱ्या वयोवृद्धांचे उच्चार ध्वनिमुद्रित करणे, एवढे पुरेसे आहे.

पोर्तुगीज काळात ज्या नगरात खरे कॅथेड्रल नव्हते, त्या वसईला १९९८ पासून स्वतःचा बिशप आहे आणि पापडी येथील कृपामाता चर्चला कॅथेड्रलाचा दर्जा आहे. म्हणजे ‘कॅथेड्रल ग्रंथालय’ हा शब्दप्रयोग आज प्रथमच वसईस नेमक्या अर्थाने लागू होऊ शकतो. मध्ययुगात अशा ग्रंथालयाचा आरंभ बहुधा एका पेटीने आणि तीतील ग्रंथांच्या यादीने होत असे. आपणही यादीपासून आरंभ करू शकतो. जुनी लिपी आणि जुने उच्चार वाचून दाखवणारी पिढी आज ऐंशीच्या घरात आहे, म्हणून हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही.